पाणी वाचवणारं किट वापरलं, आणि सगळ्यात कामाची निघाली ती रंगाची गोळी

घरातलं पाणी वाचवायचं म्हणून जे तयार किट मिळतात ना, त्यातलं एक घेऊन आता बऱ्यापैकी वापरून झालंय, म्हणून हा रिव्ह्यू. लांब आहे, आधीच सांगते. डब्यात येतं काय तर नळाच्या तोंडाला लावायच्या दोन जाळ्या म्हणजे एरेटर, एक कमी पाण्याचा शॉवर, फ्लशच्या टाकीत टांगायची प्लास्टिकची पिशवी, गळती शोधायच्या दोन रंगीत गोळ्या, केस अडकवायला एक सिलिकॉनची गाळणी, ड्रेनमध्ये टाकायच्या एन्झाइम पावडरची छोटी बाटली आणि टेफ्लॉन टेपचं एक रीळ. कंपनीचं नाव देत नाहीये, कारण हाच माल पाच नावांनी विकला जातो, डबा तेवढा वेगळा असतो. वस्तू बघून ठरवा.

डब्यावर मोठ्या अक्षरात छापलंय, ७० टक्क्यांपर्यंत बचत. हा आकडा तेव्हाच खरा ठरतो जेव्हा तुम्ही जुना नळ पूर्ण सोडून वापरत होतात. बरीच माणसं नळ अर्धाच सोडतात हो, त्यांचं पाणी आधीपासूनच कमी वाहतंय, त्यांना ७० टक्के कुठून मिळणार. त्यामुळे टक्के सोडून द्या, एक लिटरचं मापाचं भांडं घ्या, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा, आणि भांडं भरायला किती सेकंद लागतात बघा. ६० ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लिटर ते कळतं. १० सेकंद लागले तर मिनिटाला ६ लिटर, ५ सेकंद लागले तर १२. पुढचं सगळं मी ह्याच मापाने सांगणार आहे.

आधी गोळ्या, कारण डबा उघडल्यावर सगळ्यात दुर्लक्षित वस्तू हीच. निळ्या रंगाच्या, बारक्या, प्लास्टिकच्या पुडीत. करायचं एवढंच की फ्लशच्या टाकीचं झाकण काढून गोळी आत टाकायची आणि दहा-पंधरा मिनिटं कोणी फ्लश करायचा नाही. मग कमोडमध्ये डोकावायचं. फ्लश न करता खाली रंग आला तर टाकी गळतीये. आमच्याकडे आवाज नाही, खाली ओल नाही, सगळं कसं ठीकठाक वाटत होतं, आणि तरी कमोडच्या मागच्या भिंतीवर, रिमच्या खालून, एक दोऱ्याएवढी निळी रेघ हळूहळू उतरत आली. पांढऱ्या चिनी मातीवर ती इतकी स्पष्ट दिसते की वाद घालायला जागाच उरत नाही. एरवी तेच पाणी बिनरंगाचं असतं आणि दिवसरात्र जात असतं.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं म्हणणं असं की सतत वाहणारा फ्लश दिवसाला २०० गॅलनपर्यंत पाणी घालवू शकतो, म्हणजे साडेसातशे लिटर. आमची रेघ काही एवढी नव्हती, पण एवढं नक्की की नळाला जाळ्या लावून जे काही वाचणार होतं त्यातलं बरंचसं ह्या एका रेघेतून निघून गेलं असतं. म्हणून माझं मत, किट आणलंत तर पहिल्या दिवशी फक्त गोळ्या वापरा, बाकीचं नंतर. आणि खरं सांगायचं तर गोळीसुद्धा लागत नाही, खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकीत टाकले तरी तेच कळतं. कंपनीवाले हे कशाला सांगतील म्हणा.

आता गळती कळली पण ती कुठून, हे गोळी सांगत नाही आणि किटच्या माहितीपत्रकात ह्यावर एक ओळ नाही. त्यासाठी आमच्या प्लंबरकाकांची पद्धत सांगते. टाकीत पाणी भरलं की आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण करायची, मग टाकीखालचा अँगल कॉक बंद करायचा आणि अर्धा तास थांबायचं. पाणी खुणेच्या खाली गेलं तर तळाच्या फ्लश व्हॉल्व्हचं रबर सील गळतंय. खूण तशीच राहिली, पण कॉक उघडल्यावर मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून पाणी आत सांडत राहिलं, तर दोष भरणाऱ्या व्हॉल्व्हचा, म्हणजे फ्लोटचा. पाण्याची पातळी त्या उभ्या नळीच्या तोंडापेक्षा साधारण इंचभर खाली हवी. फ्लोटचा स्क्रू थोडा फिरवला की बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं, नवीन काही आणावं लागत नाही.

आमचं सील होतं. दोन बटणांच्या फ्लशमध्ये मधला जो सिलिंडर असतो तो आधी पाणी बंद करून, टाकी रिकामी करून, पाव फेरा फिरवला की वर निघतो, आणि त्याच्या बुडाला ते गोल चपटं रबर असतं. बोट फिरवलं तर एका बाजूला खरखरीत लागलं, क्षाराचे कण चिकटलेले, आणि व्हॉल्व्हच्या कडेवरही तोच पांढरा थर. व्हिनेगरमध्ये भिजवून मऊ कापडाने पुसलं, कड पुसली, रबर उलटं करून बसवलं, दुसरी गोळी टाकली, रेघ गायब. रबर कडक झालं असेल किंवा कडेला चीर गेली असेल तर मात्र पुसत बसू नका, बदला. आणि हो, टाकीत टाकायच्या त्या क्लोरीनच्या वड्या वापरत असाल तर बंद करा, त्या आतल्या रबराची वाट लावतात. कमोड चकाचक आणि सील गेलेलं, असा व्यवहार आहे तो.

दोन बटणांच्या फ्लशबद्दल थोडं विषयांतर. ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या कॅरोमा कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणली, तेव्हा मोठं बटण ११ लिटरचं आणि छोटं साडेपाचचं होतं, आता ६ आणि ३ किंवा त्याहून कमीचे मिळतात. वस्तू चांगलीच आहे, प्रश्न एवढाच की तळाशी रबर सील असतं आणि सील कधी ना कधी गळतंच. ब्रिटनमध्ये पूर्वी सायफनवाली टाकी असायची, तिच्यात पाणी वर चढून मग खाली पडतं, त्यामुळे ती अशी गुपचूप गळूच शकत नाही. आणि २०२० मध्ये तिथल्याच पाणीपुरवठ्यातल्या लोकांनी सांगितलं की दोन बटणांचे फ्लश गळतीमुळे जेवढं वाचवतात त्यापेक्षा जास्त घालवतायत. म्हणून काय ते काढून टाकायचे असं नाही, पण अधूनमधून रंग टाकून बघायचाच. शिवाय कुठलं बटण कुठलं हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं असं समजू नका, विचारून बघा एकदा, मजा येते.

थेंब थेंब गळणाऱ्या नळाचंही ह्याच ओघात सांगते. एका लिटरमध्ये साधारण ४००० थेंब धरतात. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे २१-२२ लिटर. थेंब मोठा असेल तर अजून जास्त. ह्याला किटमध्ये काहीच उपाय नाही, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे, कारण दोन रबरी वायसर टाकायला ह्यांना काय झालं होतं? जुन्या फिरवायच्या नळात गळतीचं कारण दहातल्या नऊ वेळा तो वायसरच असतो, स्पिंडल उघडायचा, झिजलेला काढायचा, त्याच मापाचा घालायचा, संपलं. लोक काय करतात, तर नळ अजून जोरात आवळतात, त्याने वायसर अजून चेपतो आणि पुढच्या वेळी अजून जोर लावावा लागतो. पाव फेऱ्यात बंद होणारे नवीन नळ असतील तर आत सिरॅमिकच्या चकत्यांची कार्ट्रिज असते, तिथे वायसरचा प्रश्न नाही, कचरा अडकला तर साफ करायची नाहीतर अख्खी कार्ट्रिज बदलायची.

आता जाळ्यांकडे. किटमध्ये दोन वेगळ्या प्रकारच्या आहेत आणि डब्यावर हे नीट सांगितलेलं नाही. एक नेहमीचा एरेटर, त्यावर ६ लिटर लिहिलंय, तो पाण्यात हवा मिसळतो, त्यामुळे धार पांढरट, मऊ आणि भरीव दिसते आणि पाणी कमी असूनही कमी वाटत नाही. दुसरी स्प्रेवाली, २ लिटरची, तिच्यातून धार येतच नाही, बारीक फवारा येतो.

पहिली किचनच्या नळाला लावली. आधी लिटरचं भांडं ५ सेकंदात भरायचं, म्हणजे मिनिटाला १२ लिटर, आता ११ सेकंद लागतात, म्हणजे साडेपाच. निम्म्याहून कमी. भाजी धुताना, हात धुताना, ताट विसळताना फरक जाणवत नाही, उलट शिंतोडे कमी उडतात, ओट्यावर पाणी कमी सांडतं. पण मोठं पातेलं भरायचं असेल तर आता दुप्पट वेळ उभं राहावं लागतं आणि बचत शून्य, कारण पातेल्याला जेवढं लागतं तेवढं लागतंच. ही गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. एरेटर वाचवतो ते वाहत्या पाण्यातलं, भरून घ्यायच्या पाण्यातलं नाही. त्यामुळे जिथे बादल्याच भरल्या जातात त्या नळाला लावून उपयोग नाही, नुसता वैताग. आमच्या वॉशिंग मशीनशेजारच्या नळाला म्हणूनच काही लावलेलं नाही.

स्प्रेवाली बेसिनला लावली आणि घरात दोन तट पडले. नुसते हात धुवायला पुरते, साबणही निघतो, जरा वेळ लागतो एवढंच. पण तोंड धुवायला, गुळणीला ओंजळीत पाणी घ्यायला बसलं तर ओंजळ भरेपर्यंत माणूस कंटाळतो. गरम पाणी असेल तर फवारा हवेत लगेच थंड पडतो, हातापर्यंत कोमट येतं. ऑफिसच्या किंवा दुकानाच्या वॉशबेसिनला जिथे लोक फक्त हात धुतात तिथे ही भारी आहे, घरातल्या मुख्य बेसिनला नको. मी ती काढून तिथेही साध्या एरेटरचीच सोय केली, स्प्रेवाली आता पाहुण्यांच्या बेसिनला आहे.

बसवणं सोपं आहे पण आटे बघून घ्या. नळाच्या तोंडाला आटे आतून असतील तर सहसा एम २४ मापाचा एरेटर लागतो, बाहेरून असतील तर एम २२ चा. काही नवीन नळांत जाळी आतच लपलेली असते, ती काढायला एक छोटी प्लास्टिकची चावी लागते, ती नळाच्या खोक्यात आलेली असते आणि नळ बसवून झाला की खोक्यासकट फेकली जाते. जुना एरेटर निघत नसेल तर पाना लावण्याआधी मध्ये कापड धरा नाहीतर क्रोमवर चरे पडतात. बसवताना हातानेच घट्ट करायचा. आणि इथे टेफ्लॉन टेप लावायचा नसतो! किटमध्ये टेप दिलाय म्हणून लोक एरेटरलाच गुंडाळतात. एरेटरचं पाणी आतलं रबर अडवतं, आटे नाही, बाजूने गळत असेल तर रबर तिरकं बसलंय किंवा राहिलंच आहे. टेप लागतो तो शॉवरच्या भिंतीतल्या नळीला, आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचा, म्हणजे आवळताना सुटत नाही.

प्रेशरची एक मोठी अडचण आहे ती आधीच समजून घ्या. जाळीवर लिहिलेलं ६ लिटर वगैरे हे चांगल्या प्रेशरला असतं, साधारण ३ बार (बार म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) धरून. आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी नुसतं उताराने येत असेल तर दर १० मीटर उंचीला जेमतेम १ बार मिळतो. म्हणजे टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर अर्धा बारसुद्धा नसतो. तिथे ही जाळी लावली तर धार केविलवाणी होते, आणि तुमचं पाणी आधीच कमी येत होतं त्यामुळे वाचवायला काही उरलेलंच नसतं. लिटरच्या भांड्याला १० सेकंदांच्या वर लागत असतील तर एरेटर विकत घेऊच नका. उलट खालच्या मजल्यावर किंवा प्रेशर पंप असेल तिथे हमखास घ्या, तिथे नळ जरा सोडला की पाणी उसळतं.

आणि जाळी लावली की ती साफ करावी लागते, हे किटवाले सांगत नाहीत. पाणी जड असेल तर फारच लवकर. किचनवाली उघडली तेव्हा आत काय होतं सांगू? वरच्या जाळीवर वाळूचे चार-पाच कण, एक निळसर प्लास्टिकचा कपचा, गंजाचा भुगा, आणि सगळ्या भोकांच्या कडेला पांढरी पापडी. धार एका बाजूला वाकडी जायला लागली की समजायचं हीच वेळ. उघडताना आतले तुकडे ज्या क्रमाने निघतात त्याचा फोटो काढून ठेवा, रबर, जाळी, प्लास्टिकची चकती, कुठलं वर कुठलं खाली हे नंतर अजिबात आठवत नाही. साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवलं की बारीक बुडबुडे येतात, क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, ते आम्लात विरघळतं, मग जुन्या टूथब्रशने घासायचं. पाइपचं काम झालं असेल किंवा टाकी धुतली असेल तर जाळी काढून नळ जरा वेळ मोकळा वाहू द्यायचा आणि मग लावायची, नाहीतर सगळा गाळ तिच्यातच. ते वाहणारं पाणी बादलीत धरा, झाडांना घाला.

शॉवर. ह्यात मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त फायदा दिसला. १० लिटरची बादली जुन्या शॉवरने ५० सेकंदात भरायची, नव्याने ८० ला भरते, म्हणजे १२ वरून साडेसात. मिनिटाला साडेचार लिटर वाचतायत. आठ-नऊ मिनिटं शॉवर घेणारा माणूस असेल तर एका आंघोळीचे जवळपास ४० लिटर. आणि ते गरम पाणी असतं हे विसरू नका. ४० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला जवळजवळ एक युनिट वीज लागते, हिशोब करून बघा, त्यामुळे शॉवरमध्ये बचत दुहेरी आहे, नळाच्या जाळीत एवढी नाही. बादलीनेच आंघोळ करणाऱ्यांनी हा शॉवर घेऊ नये, बादली तशीही शॉवरपेक्षा कमी पाण्यात भागवते.

पाण्याची धार अंगाला कशी लागते तर ठीक, जुन्यासारखी भरभरून नाही, जरा टोचते. केस लांब असतील तर शाम्पू निघायला वेळ लागतो, आणि तिथे बचतीचा थोडा भाग परत जातो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तोंडाची भोकं सिलिकॉनची आहेत हे फार बरं, अंगठ्याने चोळलं की क्षार गळून पडतो, टाचणी घेऊन बसावं लागत नाही. पण दांड्यात ज्या रंगीत गोळ्या भरल्यात आणि त्यांना खनिजगोळ्या म्हणून मिरवलंय त्यांचा पाणी वाचवण्याशी काडीचा संबंध नाही. पाणी अडवतो तो आतला छोटा रिस्ट्रिक्टर, गोळ्या दिसायला.

सावधगिरी फक्त एक, तुमच्याकडे गॅस गीझर किंवा तात्काळ पाणी तापवणारा हीटर असेल तर आधी तपासा. त्यातून पाणी ठराविक वेगाने गेलं तरच तो पेटतो, साधारण मिनिटाला दोन-तीन लिटर तरी लागतात. कमी पाण्याचा शॉवर, त्यात थंड पाणी मिसळलेलं, वर प्रेशर कमी, असं सगळं जुळून आलं तर गीझर मध्येच बंद पडतो आणि साबण लावलेल्या अवस्थेत गार पाणी. साठवणीच्या गीझरला ही भानगड नाही. गरम पाणी यायला वेळ जास्त लागतो असंही वाटेल, ते बरोबर आहे, पण पाइपात जेवढं गार पाणी साचलेलं असतं, १० मीटर पाइपात धरा दीडेक लिटर, तेवढंच जातं, फक्त सावकाश. ते बादलीत घ्यायची सवय लागली की फरशी पुसायचं पाणी आपोआप जमा होतं.

फ्लशच्या टाकीत टांगायची पिशवी ही किटमधली सगळ्यात फालतू वस्तू. कल्पना अशी की पिशवीत पाणी भरून टाकीत टांगा, तेवढी जागा अडते, दर फ्लशला तेवढं पाणी कमी. जुन्या मोठ्या टाक्या, एका फ्लशला १० लिटर, १३ लिटर ओतणाऱ्या, त्यांना चालेल. पण आता ६ लिटरच्या टाक्या आहेत, त्या कमोडची घडणच ६ लिटरला धरून केलेली असते. त्यातलं लिटरभर काढून घेतलं तर घाण पूर्ण जात नाही, माणूस दुसऱ्यांदा बटण दाबतो, सहाचे दहा होतात. आणि वरून गेली असं दिसलं तरी आडव्या पाइपात पुढे ढकलायला पाणी कमी पडतं, उतार कमी असेल तर तिथेच बसते. ह्या पिशवीऐवजी वीट ठेवायचा सल्ला पण फिरत असतो, ती तर अजिबात नको, पाण्यात राहून तिचा भुगा सुटतो आणि तो नेमका सीलखाली जाऊन बसतो. मग आहेच निळी रेघ.

ड्रेनच्या भागात किट अर्धं पास अर्धं नापास. केसांची गाळणी साधी आहे पण काम चोख, बाथरूमच्या जाळीवर ठेवायची, आंघोळ झाली की केसांचा पुंजका उचलून कचऱ्यात टाकायचा, कमोडमध्ये नाही. किळस येते, येऊ दे. तुंबलेल्या नहाणीचं काम निघालं की त्याहून जास्त येते. सपाट पडून राहते म्हणून पाणी तिच्याखालून निसटतं असं आधी वाटलं, पण ओली करून दाबली की चिकटते.

एन्झाइमची पावडर म्हणजे त्यात जिवाणू आणि त्यांची एन्झाइमं असतात, ती तेलकट थर आणि अन्नाचे कण हळूहळू खातात. हळूहळू हा मुद्दा आहे. रात्री शेवटचं काम झालं की कोमट पाण्यात कालवून ओतायची आणि सकाळपर्यंत पाणी सोडायचं नाही. सिंकचा वास नक्की कमी झाला, पाणी जायचा वेगही जरा सुधारला. पण सिंक चोकअप होऊन पाणी वर उभं असेल तेव्हा ही काही करत नाही, आणि केसांचा गोळा असेल तर तिच्याच्याने विरघळत नाही. ब्लीच किंवा फिनाइल ओतत असाल तर त्याच दिवशी ही टाकू नका, जिवाणू मरतात, पैसे पाण्यात.

माहितीपत्रकात मात्र ड्रेन तुंबलं तर बेकिंग सोडा, त्यावर व्हिनेगर, आणि वरून उकळतं पाणी ओता असं दिलंय, आणि तेही इको फ्रेंडली उपाय म्हणून. फसफसून छान दिसतं खरं, पण एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना संपवतात आणि उरतं काय तर खारट पाणी आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. चिकटलेलं तूप-तेल तिथेच. आणि उकळतं पाणी तर प्लास्टिकच्या पाइपात अजिबात ओतू नका, पीव्हीसी ६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, जोड ढिले होतात, आणि कमोडमध्ये ओतलं तर चिनी माती तडकू शकते. त्यापेक्षा रबरी पंप घ्या, सिंकचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद करा आणि दहा-बारा दणके द्या. तरी नाही गेलं तर सिंकखाली बादली ठेवून ट्रॅपची, म्हणजे खालच्या वाकड्या नळीची, वाटी हाताने फिरवून काढा, बहुतेक वेळा सगळा ऐवज तिथेच असतो, हरवलेल्या चमच्यासकट.

बाजारातल्या ड्रेन क्लीनरबद्दल एवढंच, ते कॉस्टिक सोड्याचे असतात, पाण्यात पडले की प्रचंड तापतात, ॲल्युमिनियम असेल तर त्याला खातात, आणि काही आम्लाचे असतात. एक टाकून काम झालं नाही म्हणून दुसरं टाकणं, किंवा आम्लावर ब्लीच ओतणं, हे जिवावर बेतू शकतं, क्लोरीन वायू निघतो. आणि ते टाकून झाल्यावर प्लंबरला बोलावलंत तर त्याला आधी सांगा, बिचारा हात घालतो तिथे.

तेलाचं मात्र सवयीवरच आहे. कढई धुवायच्या आधी कागदाने पुसून कागद कचऱ्यात टाकायचा. गरम तेल सिंकमध्ये पातळ दिसतं, पुढे पाइपात थंड होऊन बसतं, त्यात जड पाण्यातलं कॅल्शियम मिसळलं की साबणासारखा कडक थर होतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात असाच एक गोळा सापडला होता, २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा, चरबी आणि ओले वाइप्स एकत्र थिजून झालेला. फ्लशेबल लिहिलेले वाइप्स पण कमोडमध्ये नकोतच, टॉयलेट पेपरसारखे ते पाण्यात सुटत नाहीत.

पाणी वाचवताना एक गोष्ट सुकू द्यायची नाही, ती म्हणजे ट्रॅप. प्रत्येक जाळीखाली वाकड्या नळीत साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं आणि तेच गटारातला वास, वायू आणि झुरळं अडवतं. कमोडमागची ती वाकडी नळी अलेक्झांडर कमिंग ह्या घड्याळजीने १७७५ मध्ये पेटंट केली, अजून तिला पर्याय नाही. वापरात नसलेल्या बाथरूमचं ते पाणी उडून जातं, मग घरभर वास, आणि लोक ड्रेन क्लीनर ओतत बसतात. मगभर पाणी टाका, वास गेला.

आता विचाराल तर किट म्हणून पाचपैकी तीन स्टार. शॉवर आणि ६ लिटरवाला एरेटर ह्यांचेच ते तीन. गोळ्यांना वेगळे पाच दिले असते पण त्या कामाला रंगाचे थेंब पुरतात, आणि पिशवी व स्प्रेवाली जाळी बहुतेकांच्या घरी खणातच पडणार. प्रेशर बरं असेल आणि शॉवर घेणारी माणसं जास्त असतील तर घ्या, नाहीतर एरेटर आणि गाळणी सुटी घ्या आणि फ्लशचं नवीन सील, नळाचे वायसर ह्यावर उरलेले पैसे घाला.

कंपनीला मेल टाकून विचारलं होतं की एरेटरची आतली जाळी सुटी मिळते का, उत्तर आलं, मिळत नाही, नवीन किट घ्या. पर्यावरण पर्यावरण म्हणत विकायचं आणि बोटाच्या पेराएवढ्या जाळीसाठी अख्खा डबा घ्यायला लावायचा! दुसऱ्या कंपनीची एम २४ च्या मापाची सुटी जाळी आणून बघितली, माझ्या एरेटरच्या पितळी कड्यात बरोबर बसली, फक्त घेताना जुनी सोबत न्या आणि उंची जुळवून बघा, दोन मिलिमीटर जास्त असली तरी कडं आट्यांवर पूर्ण चढत नाही आणि मग बाजूने गळतं.